एड कोल

एडवर्ड निकोलस कोल (१७ सप्टेंबर, १९०९ – २ मे, १९७७) हे अमेरिकन मोटार अभियंते आणि जनरल मोटर्स कंपनीचे अध्यक्ष होते. शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनाचे जनक म्हणून ते ओळखले जातात. या इंजिनावर १९६० च्या दशकातील अनेक ‘मसल कार’, म्हणजे मध्यम वा लहान आकाराच्या पण शक्तिशाली इंजिनाच्या मोटारी, उभ्या राहिल्या. पुढे कोल यांच्याच अध्यक्षपदाच्या काळात अशा इंजिनांच्या शक्तीला लगाम घालणारे निर्णय झाले.

प्रारंभिक जीवन

कोल यांचा जन्म मिशिगन राज्यातील मार्न येथे शेतकरी कुटुंबात झाला. फ्लिंट येथील जनरल मोटर्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असतानाच ते कॅडिलॅक विभागात काम करू लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी हलक्या रणगाड्यांवर काम केले. युद्धानंतर १९४९ च्या कॅडिलॅकसाठी तयार झालेल्या ३३१ घनइंचांच्या व्ही-८ इंजिनाच्या रचनेत त्यांचा महत्त्वाचा वाटा होता.

स्मॉल ब्लॉक इंजिन

१९५२ मध्ये कोल शेव्हरोलेचे मुख्य अभियंता झाले. त्या वेळी शेव्हरोलेच्या मोटारींना सहा सिलिंडरचे जुन्या घडणीचे इंजिन असे. कोल यांच्या चमूने २६५ घनइंचांचे (सुमारे ४.३ लिटर) नवे व्ही-८ इंजिन तयार केले. पातळ भिंतींचे ओतीव काम आणि पत्र्यापासून ठोकलेले साधे रॉकर आर्म यांमुळे ते वजनाला हलके व बनवायला स्वस्त झाले. १९५५ च्या मोटारींत ते १६२ अश्वशक्तीचे होते. चौमुखी कार्ब्युरेटर घेतल्यास १८० अश्वशक्ती मिळे. १९५७ मध्ये २८३ घनइंचांच्या इंजिनाने इंधन अंतःक्षेपणाच्या साहाय्याने २८३ अश्वशक्ती गाठली.

इंजिनांचे पर्याय

मसल कारच्या काळात एकाच मोटारीसाठी ग्राहकाला अनेक इंजिनांतून निवड करता येई. १९६७ च्या शेव्हरोले कॅमॅरोमध्ये २३० घनइंचांच्या सहा सिलिंडर इंजिनापासून ३९६ घनइंचांच्या व्ही-८ इंजिनापर्यंत पर्याय होते. त्यांतील ‘झेड/२८’ साठीचे ३०२ घनइंचांचे इंजिन हे स्मॉल ब्लॉकच्या लवचीकपणाचे उत्तम उदाहरण होय. ट्रान्स-ॲम शर्यतींत ३०५ घनइंचांची मर्यादा होती. म्हणून ३२७ च्या इंजिनाचा सिलिंडर-व्यास आणि २८३ च्या इंजिनाचा स्ट्रोक एकत्र करून हे इंजिन सिद्ध करण्यात आले.

अध्यक्षपद

१९५६ मध्ये कोल शेव्हरोलेचे प्रमुख आणि १९६७ मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. त्यांच्या पुढाकाराने आलेली, मागे इंजिन असलेली कॉर्व्हेअर ही मोटार सुरक्षिततेच्या प्रश्नावरून वादग्रस्त ठरली. राल्फ नेडर यांनी १९६५ मध्ये तिच्यावर कठोर टीका केली.

मध्यम आकाराच्या मोटारींसाठी कंपनीने स्वतःवर घातलेली ४०० घनइंचांची मर्यादा १९७० च्या मॉडेलांसाठी उठवण्यात आली. त्यामुळे शेव्हेल एसएसमध्ये ४५४ घनइंचांचे, ४५० अश्वशक्तीचे ‘एलएस६’ इंजिन मिळू लागले. मात्र त्याच वर्षी कोल यांनी पेट्रोलमधील शिसे काढून टाकण्याचा आग्रह धरला. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर शिशामुळे निकामी होतो, हे त्यामागचे कारण होते. पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा शोध १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत लागला होता. शिशाविना ऑक्टेन कमी होतो. त्यामुळे १९७१ च्या मॉडेलांपासून कंपनीने इंजिनांचे संपीडन गुणोत्तर घटवले. १९७२ च्या शेव्हेलमध्ये ४५४ घनइंचांच्या इंजिनाची नोंद २७० अश्वशक्ती अशी झाली. ही घट काही अंशी नव्या मोजमापामुळेही होती, कारण आता सायलेन्सर, एअर फिल्टर इत्यादी जोडून शक्ती मोजली जाऊ लागली. १९७५ च्या बहुतेक मॉडेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवण्यात आला. या बदलांबरोबरच वाढते विमा हप्ते आणि १९७३ चे तेलसंकट यांमुळे मसल कारचे युग ओसरले.

निधन आणि वारसा

१९७४ मध्ये कोल निवृत्त झाले. २ मे, १९७७ रोजी मिशिगनमधील कॅलामझूजवळ, स्वतः चालवत असलेले विमान कोसळून त्यांचा मृत्यू झाला. २०११ मध्ये जनरल मोटर्सने १० कोटीवे स्मॉल ब्लॉक इंजिन तयार केले.