नाणी तोलणारा गणिती

बँकेत लागल्यावर माझी पहिली तीन वर्षे एका तालुक्याच्या गावी कॅश खात्यात गेली. ती १९८० नंतरची गोष्ट. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी चिल्लरीच्या पिशव्या घेऊन येत. ती सगळी चिल्लर हाताने मोजायला वेळ कुणाला होता? आमच्या जुन्या हेड कॅशियरांनी त्यावर साधी युक्ती केली होती. शंभर नाणी मोजून तागडीच्या एका पारड्यात टाकायची आणि दुसऱ्या पारड्यात न मोजलेली नाणी काटा सरळ होईपर्यंत ओतायची. झाली शंभर. नियम एकच. जुन्यासमोर जुनी, नव्यासमोर नवी. हा नियम मला फार उशिरा कळला. मी कोरी करकरीत नाणी एका पारड्यात टाकली, दुसऱ्यात झिजलेली ओतली आणि पिशव्या बांधून वाटून टाकल्या. संध्याकाळी हिशेब तुटला. काटा सरळ व्हायला झिजलेली नाणी शंभराहून एक-दोन जास्त लागतात, हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते. तूट माझ्या पगारातून भरली गेली.

पुढे पंधरा-वीस वर्षांनी, एका कादंबरीसाठी जुन्या व्यापारी मार्गांची माहिती गोळा करत असताना, दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे लेखन हाती आले. त्यात जुन्या नाण्यांवरचा भाग वाचला आणि मी खुर्चीत ताठ बसलो. ज्या गोष्टीने माझा खिसा हलका केला, त्याच गोष्टीवरून या माणसाने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या राजवटींचा क्रम लावायला घेतला होता. तेव्हापासून मी कोसंबींच्या मागे आहे.

कोसंबींचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे मोठे पंडित. ज्ञानाच्या ओढीने तरुणपणी घरदार सोडून पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश पालथे घातलेला माणूस. त्यांचे ‘निवेदन’ अनेक वाचकांनी वाचले असेल. पाली ग्रंथांच्या कामासाठी धर्मानंदांना हार्वर्ड विद्यापीठाचे बोलावणे आले, आणि १९१८ साली ते मुलाला व थोरल्या मुलीला घेऊन अमेरिकेला गेले. पुण्यात शाळेत जाणारा अकरा वर्षांचा दामोदर बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावातल्या शाळेत जाऊ लागला.

पुढे तो हार्वर्डमध्ये शिकला. तिथे बर्कहॉफ नावाचे फार मोठे गणिती होते. या मुलाने बाकी सगळे सोडून गणितावरच लक्ष केंद्रित करावे, असा सल्ला त्यांनी दिला. सल्ला हिताचाच होता. पण मुलाने तो मानला नाही. तो नाना विषयांचे वर्ग करत राहिला आणि सगळ्यांत उत्तम गुण मिळवत राहिला. १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवी घेतली. पुढे शिकायला पैसा मिळाला नाही, तेव्हा तो भारतात परतला. डॉक्टरेट त्यांनी पुढेही कधी केली नाही. ज्यांच्या लेखनावर इतरांनी डॉक्टरेट मिळवल्या, त्यांच्या नावामागे स्वतःची ती पदवी नव्हती!

काशीच्या हिंदू विद्यापीठात आणि नंतर अलीगढला त्यांनी शिकवले. अलीगढला आंद्रे वेल हा फ्रेंच गणिती होता, वय अवघे पंचविशीचे. त्याच्या चिथावणीने कोसंबींनी १९३१ मध्ये एक खोडकर निबंध छापला. बुरबाकी नावाच्या, जगात कधीच नसलेल्या एका रशियन गणितज्ञाचे प्रमेय आपण पुढे नेत आहोत, असा त्यात आव होता. काही वर्षांनी वेल आणि त्याच्या मित्रांनी याच टोपणनावाने एकत्र ग्रंथ लिहिले आणि गणिताच्या जगात ते नाव गाजले. छापील गणितात ते पहिल्यांदा उमटवले ते मात्र आपल्या कोसंबींनी.

१९३३ च्या सुमारास ते पुण्याला फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि सुमारे बारा वर्षे राहिले. नाण्यांचा नाद इथलाच. संख्याशास्त्र शिकायचे तर हाताशी खरा प्रश्न हवा, म्हणून त्यांनी नाणी घेतली. टांकसाळीतून निघालेल्या ताज्या नाण्यांच्या वजनात फरक अगदी थोडा असतो. ती हातोहात फिरू लागली की दोन गोष्टी घडतात. सरासरी वजन हळूहळू उतरते, आणि नाण्यानाण्यांतला फरक वाढत जातो, कारण एखादे नाणे रोज बाजारात फिरते तर दुसरे कुणाच्या गाडग्यात पडून राहते. हे आपल्या काळच्या नाण्यांना लागू पडते का, हे पाहण्यासाठी त्यांनी चलनातली नाणी मिळवून एकेक करून तोलली. हजारो नाणी, नाजूक तराजूवर, तीही एका प्राध्यापकाने. हे काम किती कंटाळवाणे असते ते मला विचारा.

मग ते तक्षशिलेकडे वळले. तिथल्या भीर टेकाडात चांदीच्या आहत नाण्यांचे दोन ठेवे सापडले होते, हजारांहून अधिक नाण्यांचे. त्यांची वजने वॉल्श यांनी प्रसिद्ध केली होती. या नाण्यांच्या दर्शनी बाजूवर राजचिन्हांचे ठसे असतात, तर मागच्या बाजूला लहान लहान खुणा. त्या मागच्या खुणांकडे फारसे कुणी पाहत नसे. कोसंबींनी त्या मोजल्या. खुणा जितक्या जास्त तितके नाणे हलके, असा मेळ त्यांना दिसला. म्हणजे नाणे चलनात असताना ठरावीक काळाने कुणीतरी, बहुधा व्यापाऱ्यांच्या श्रेणी, ते पारखून वर खूण उमटवत असावेत. आमच्या भाषेत सांगायचे तर पासबुकातल्या नोंदी! या हिशेबाने एका गटाची नाणी दुसऱ्याच्या आधीची की नंतरची, हे ठरवता येऊ लागले. १९४० पासून त्यांनी यावर निबंध लिहिले. नाणकशास्त्रातल्या सगळ्यांनी काही ते मान्य केले नाहीत. विश्वास ठेवावा तो फक्त तराजूवर, हा त्यांचा हट्ट काहींना खटकला.

कोसंबी इथे थांबले असते तर एका छंदी गणित्याची गोष्ट इथेच संपली असती. पण ही नाणी पाडली कुणी, हा प्रश्न त्यांना पडला. उत्तर शोधायला पुराणे आणि बौद्ध-जैन ग्रंथ वाचावे लागणार. त्यासाठी संस्कृत पक्के हवे. ते पक्के करायला एखादी संहिता हातात घ्यायला हवी. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणाऱ्या वि. स. सुखटणकरांनी त्यांना भर्तृहरी सुचवला. सुखटणकरही मूळचे केंब्रिजचे गणिती, हा योग मला मोठा गमतीचा वाटतो. सरावासाठी घेतलेल्या भर्तृहरीच्या शेकडो पोथ्या कोसंबींनी ताडून पाहिल्या, कोणते श्लोक सर्वत्र आहेत आणि कोणते मागाहून घुसले ते वेगळे काढले, आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे वि. वि. गोखले यांच्यासह त्यांनी संपादलेला ‘सुभाषितरत्नकोश’ १९५७ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघाला.

याच धामधुमीत, १९४४ साली, त्यांनी जनुकशास्त्रात एक सूत्र मांडले. गुणसूत्रावर दोन जनुके एकमेकांपासून किती दूर आहेत, हे संततीतल्या गुणांच्या सरमिसळीवरून काढण्याचे ते सूत्र. त्याआधी हाल्डेन यांचे सूत्र होते, पण एका ठिकाणी झालेली अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अडवते, हे त्यात धरलेले नव्हते. कोसंबींनी ते धरले.

१९४५ नंतर होमी भाभांच्या बोलावण्यावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. बिऱ्हाड मात्र पुण्यातच, भांडारकर संस्थेजवळ. डेक्कन क्वीनने जाणे-येणे. आणि सवड मिळाली की पायी भटकंती. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर बोटाच्या पेराएवढी दगडी हत्यारे त्यांना सापडत. ती कुठे सापडतात आणि कुठे नाही, यावरून जुन्या वाटा कुठून जात हे त्यांनी ताडले. त्याच वाटांच्या तिठ्यांवर गावाबाहेरच्या शेंदरी देव्या बसलेल्या, धनगरांचे कळप फिरतात तेही तसेच, आणि कार्ल्यासारखी लेणीही घाटाच्या वाटेवर. वेताळ, म्हसोबा, मरीआई यांच्यापुढे आपण नारळ फोडून पुढे जातो. या माणसाने तिथे उभे राहून, पुजाऱ्याला आणि मेंढपाळाला विचारून, इतिहास लिहिला. भारतीय इतिहासाच्या अभ्यासाचा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये आला आणि राजांच्या सनावळ्यांऐवजी नांगर, जमीन, जात आणि व्यापार यांची चर्चा सुरू झाली. त्यांची मार्क्सवादी मांडणी सगळ्यांना पटली नाही. पटावी असे मलाही सगळीकडे वाटत नाही. पण त्यांना उत्तर द्यायचे तर उन्हात चालावे लागते, ही अडचण आहे.

कोसंबी स्वभावाने सोपे नव्हते. जीभ तिखट आणि तडजोड नावालाही नाही. अणुऊर्जेवर खर्च करण्यापेक्षा या देशाने सूर्याच्या उष्णतेकडे वळावे, असे ते जाहीरपणे मांडत, आणि नोकरी मात्र भाभांच्या संस्थेत. त्यातच त्यांनी रीमानच्या अनुमानाला हात घातला. मूळ संख्यांच्या वाटणीविषयीचे हे कोडे १८५९ सालचे आहे आणि अजूनही सुटलेले नाही. ते आपण संख्याशास्त्राच्या वाटेने सोडवले, असे कोसंबींना वाटले. निबंध त्यांनी शेतीच्या संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात छापला. युक्तिवाद सदोष होता. जाणकारांनी मान हलवली, आणि इतकी वर्षे इकडेतिकडे फिरणाऱ्या माणसाचे गणित सुटले, असे म्हणायला लोकांना जागा मिळाली. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही.

या जागी मी नेहमी अडखळतो. बर्कहॉफचा सल्ला मानला असता तर? कदाचित गणितात एखादे मोठे प्रमेय त्यांच्या नावावर असते आणि नोकरीही टिकली असती. कादंबरीकार म्हणून माझे मन त्यांच्या बाजूने जाते. बँकेतला माणूस म्हणून मला माहीत आहे की अशा माणसाला कर्ज देताना मीसुद्धा दोनदा विचार केला असता. त्यांनी मात्र हिंडणे थांबवले नाही. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचे त्यांचे पुस्तक आले.

२४ जानेवारी १९६६ रोजी भाभा आल्प्समधल्या विमान अपघातात गेले. त्याच वर्षी २९ जूनच्या रात्री पुण्यातल्या घरी कोसंबी झोपेतच वारले. वय अवघे अठ्ठावन्न.

माझ्या नात्यातली एक मुलगी कृषी विद्यापीठात पिकांच्या जनुकांवर काम करते. जनुकांचा नकाशा काढताना संगणक तिला सूत्र निवडायला सांगतो, त्यात हाल्डेन आणि कोसंबी अशी दोन नावे येतात. ती बहुतेक वेळा कोसंबी निवडते. हे कोसंबी कोण, हे तिने मला गेल्या दिवाळीत विचारले. मी नाण्यांपासून सुरुवात केली, आणि जेवणाची पाने वाढेपर्यंत आम्ही कार्ल्याच्या लेण्यापर्यंतही पोचलो नव्हतो.