म्युनिसिपालिटीतले जोतीराव

आपल्या बॅचमधले कोणी डॉक्टर झाले, कोणी बँकेत गेले, दोघे फौजेत गेले. मी नगरपरिषदेच्या सभा शाखेत लिपिक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिही, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा महात्मा फुल्यांचे नाव लगेच मनात आले. मुलींची शाळा, घरचा हौद, सत्यशोधक समाज हे सारे गुरुजींनी आपल्याला इतिहासाच्या तासाला शिकवलेच आहे. धड्यात एक गोष्ट मात्र नव्हती. जोतीराव सहा-सात वर्षे पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. आयुष्य इतिवृत्ते लिहिण्यात गेलेल्या माणसाला तीच बाजू जवळची वाटणार, म्हणून तिच्याविषयी लिहितो.

जन्म १८२७ चा, पुण्याचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, फुलांच्या धंद्यामुळे फुले हे नाव पडलेले. वडील गोविंदराव शेती करीत आणि भाजीपाला विकीत. मुलाला शाळेतून काढून मळ्यात घातले होते. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये मुलगा पुन्हा शाळेत गेला, स्कॉटिश मिशनच्या. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा, १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारी सत्कार, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज. हा भाग आपणा सर्वांच्या पाठ आहे.

जोतीराव पोटासाठी काय करीत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते कंत्राटदार होते. त्यांच्या पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीने पूल, रस्ते, कालव्याची कामे घेतली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा संबंध होता. मांजरीला शेती होती. ओतकामाचे साहित्य विकण्याची एजन्सीही त्यांनी चालवली. म्हणजे अंदाजपत्रक कसे फुगते, मोजमापात किती ब्रास दगड कागदावर आणि किती प्रत्यक्ष जागेवर असतो, मजुराच्या हातात शेवटी काय पडते, हे त्यांना कोणी सांगावे लागत नव्हते. बांधकाम खात्यातल्या कारकुनांची हातचलाखी त्यांनी लेखनातूनही उघडी पाडली. समितीच्या बैठकीत असा एक सभासद असला की टिप्पणी लिहिणाऱ्याला जरा सांभाळून लिहावे लागते, हे स्वानुभवाने सांगतो.

१८७६ साली सरकारने त्यांची म्युनिसिपालिटीवर नेमणूक केली. निवडणुकीने सभासद येण्याची रीत पुण्यात रुजली ती लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या सुधारणेनंतर. तोवर सभासद सरकार नेमी, आणि नेमलेल्यांत सरकारी अधिकारी, सरदार आणि प्रतिष्ठित व्यापारी यांचाच भरणा असे. रोजचे काम व्यवस्थापक समितीकडे चाले. उत्पन्नाचा मोठा आधार जकात. शहरात येणाऱ्या मालावर ती घेतली जाई आणि शेवटी ती भरणारा असे गाडी घेऊन आलेला कुणबी, नाहीतर पसाभर धान्य विकत घेणारा मजूर. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीरावांनी या जकातीवर लिहिले आहे. गाडीभर भाजी घेऊन शहरात आलेल्या शेतकऱ्याच्या हाती जकात, भाडे आणि दलाली जाऊन काय उरते, याचा हिशोब त्यात आहे. भाजीविक्याच्या मुलानेच तो मांडावा यात नवल नाही.

ज्यांचा नगरपालिकेशी संबंध फक्त घरपट्टीपुरता आला, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. समितीचे काम लोकांना वाटते तसे भांडणाचे नसते. विषयपत्रिकेवर वीस-पंचवीस विषय असतात: गटाराची दुरुस्ती, दिव्यांचे तेल किंवा आता वीजबिल, शिपायाची रजा, कोणाच्या तरी स्वागताचा खर्च. टिप्पणी वाचली जाते, एक जण सूचक, एक अनुमोदक, आणि सर्वानुमते मंजूर. पुढचा विषय. त्यातही स्वागत-सत्काराचे विषय बहुधा ऐनवेळी येतात, अध्यक्षांच्या परवानगीने, चहा आल्यानंतर. अशा विषयाला नाही म्हणायला काही मोठे तत्त्व लागत नाही, फक्त सगळ्यांच्या देखत एकटे पडण्याची तयारी लागते. माझ्या नोकरीत शेकडो सभा झाल्या. स्वागताच्या खर्चाला विरोध नोंदवणारे हात बोटांवर मोजण्याइतके पाहिले.

जोतीरावांपुढे तसाच विषय आला. गव्हर्नर जनरल लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी म्युनिसिपालिटीने एक हजार रुपये खर्च करावेत, असा प्रस्ताव आला. १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा याच लिटनसाहेबांनी केलेला. पण सभेत बसलेले बत्तीस सभासद सरकारने नेमलेले, आणि पाहुणे म्हणजे त्या सरकारचेच मुख्य. एकतीस जण एका बाजूला राहिले. जोतीरावांनी विरोध केला आणि हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे सुचवले. ठराव अर्थातच मंजूर झाला.

हजार रुपये म्हणजे तेव्हा किती? पंचविसेक वर्षांपूर्वी जोतीरावांच्या मुलींच्या शाळांना दक्षिणा फंडातून महिना ७५ रुपये मदत मिळत होती. वर्षाचे होतात ९००. एका पाहुण्याच्या कमानी आणि मानपत्र यांत मुलींच्या शाळांची वर्षभराची मदत आणि वर शंभर रुपये जात होते. ही तुलना माझी आहे. पण ज्याने ते ७५ रुपये शाळांसाठी पुरवून वापरले, त्याच्या मनात असे काही आले नसेल हे मला पटत नाही.

यावर कोणी म्हणेल, एकट्याच्या मताने काय झाले? खर्च तर झालाच. सभा शाखेतला माणूस याचे उत्तर वेगळे देईल. सर्वानुमते मंजूर आणि बहुमताने मंजूर या दोन शब्दप्रयोगांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यात कोणाला काही विचारता येत नाही. दुसऱ्यात पुढे कधीतरी कोणीतरी कागद उघडतो आणि विचारतो, कोण नाही म्हणाले आणि का? जोतीरावांचे ते मत आपल्यापर्यंत आले आहे. बाकीच्या एकतीस जणांची नावे आज कोणाच्या तोंडी आहेत?

दारूच्या दुकानांचा विषय त्यांनी दुसऱ्या पद्धतीने हाताळला. शहरात गुत्ते वाढू लागले होते. १८ जुलै १८८० रोजी जोतीरावांनी व्यवस्थापक समितीचे प्रभारी अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. म्हणणे असे, की म्युनिसिपालिटी लोकांच्या आरोग्यावर एवढा पैसा खर्च करते, आणि तिच्याच हद्दीत आरोग्य आणि संसार बुडवणारी दुकाने उघडतात. या दुकानांवर म्युनिसिपालिटीने कर बसवावा, म्हणजे व्यसनाला काही तरी आळा बसेल. दारूचा महसूल सरकारचा होता, त्यामुळे म्युनिसिपालिटीच्या हातात फार काही नव्हते. पण जे हातात होते, म्हणजे कर, नेमके तेच त्यांनी मागितले. आणि मागितले ते लेखी. सभेत तोंडी बोललेले हवेत विरते. टपालाने आलेला कागद आवक नोंदवहीत चढतो, त्याला क्रमांक पडतो, तो कोणाच्या तरी टेबलावर जातो आणि उत्तर मागत बसतो. ही युक्ती मी अनेक हुशार नगरसेवकांकडून पाहिली आहे.

मग मंडईचे प्रकरण. पुण्याचा भाजीबाजार तेव्हा शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात उघड्यावर भरे. म्युनिसिपालिटीने लाखो रुपये खर्चून पक्की मंडई बांधायचे ठरवले. जोतीरावांनी विरोध केला. इतका पैसा इमारतीत घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला, हे त्यांचे म्हणणे. इथे मी त्यांच्याशी पूर्णपणे सहमत नाही. पावसाळ्यात चिखलात बसून भाजी विकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि मंडई ही शहराची गरजच होती. पण त्यांचा प्रश्न मंडई हवी की नको, एवढाच नव्हता. आधी काय आणि मागाहून काय, हा होता. आणि अंदाजपत्रकाच्या सभेत याहून मोठा प्रश्न नसतो. त्यांचे चालले नाही. १८८६ मध्ये अष्टकोनी, मधोमध मनोरा असलेली ती देखणी इमारत उभी राहिली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिचे नाव बदलले. ज्या इमारतीला जोतीरावांनी विरोध केला, तीच आज महात्मा फुले मंडई आहे. हे ऐकून जोतीराव काय म्हणाले असते, याचा विचार मी मंडईत भाजी घेताना अनेकदा केला आहे.

सभासदत्वाच्या काळात त्यांनी काय पाहिले, ते १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात दिसते. त्या निवेदनाची चर्चा प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे या मागणीपुरतीच होते. पण त्यात एक मागणी थेट नगरपालिकांविषयी आहे: आपल्या हद्दीतल्या सर्व प्राथमिक शाळांचा संपूर्ण खर्च म्युनिसिपालिट्यांनी उचलावा. पुण्यात महार, मांग इत्यादींची वस्ती पाच हजारांहून जास्त असताना त्यांच्यासाठी शाळा एकच, आणि तिथे मुले तिसाच्या आत, हेही त्यांनी आयोगासमोर ठेवले. स्वागताचे हजार आणि मंडईचे लाखो ज्याने स्वतः बसून ऐकले होते, त्याने हा आकडा लिहिला आहे. आज प्राथमिक शाळा नगरपरिषदेकडे असणे आपल्याला इतके साधे वाटते की त्यामागे कोणाला तरी ते मागावे लागले होते हे लक्षातच येत नाही. आपल्यातले निम्मे तरी नगरपालिकेच्या चौथीपर्यंतच्या शाळेतून आपल्या हायस्कुलात आलो. बाईंना ते चांगले आठवत असेल. प्रवेशाच्या वेळी दाखले त्यांनीच तपासले होते.

१८८८ मध्ये मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने लिहून ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात ते वारले.

म्युनिसिपालिटीशी त्यांचा शेवटचा संबंध त्यानंतर आला. १८८७ च्या मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवले होते की आपल्या देहाचे दहन न करता तो मिठात पुरावा. घरामागे खड्डाही तयार ठेवला होता. पण वस्तीच्या जागेत दफन करण्यास म्युनिसिपालिटीने परवानगी नाकारली. नियमाने पाहिले तर त्या जागी बसलेल्या कोणत्याही अधिकाऱ्याने, बहुधा मीही, हाच शेरा मारला असता. शेवटी दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे धरून सावित्रीबाई पुढे चालल्या. अस्थी मात्र घरी आणून त्याच जागेत ठेवल्या. गंज पेठेतल्या फुलेवाड्यात ती समाधी आहे. मंडईपासून पायी जाता येते.