तीनशे घटांचा सेनानी

आज विजयादशमी. प्रभू रामचंद्रांच्या विजयाचे स्मरण आपण करतोच. यंदा सीमोल्लंघन जरा दूरवर करून यहुदी धर्मग्रंथांतील एका सेनानीचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे. ही आख्याने महाराष्ट्राला अगदीच परकी नाहीत. कोकणातील बेने इस्राएल बांधवांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती मराठी कीर्तनातून गायिली आहेत.

‘शास्ते’ नामक ग्रंथात गिदोनाची कथा येते. मिद्यानी टोळ्यांनी इस्राएल लोकांना सात वर्षे नागविले होते. उंटांवरून येऊन त्या उभी पिके फस्त करीत. योवाशाचा पुत्र गिदोन लुटारूंच्या भयाने द्राक्षे तुडविण्याच्या कुंडात लपून गहू झोडीत होता. तेथेच देवदूताने त्याला लोकरक्षणाची आज्ञा केली. आपले कुळ दुबळे, त्यात आपण सर्वांत धाकटे, असे म्हणून तो मागे सरला. भगवंताची कृपा अशाच निरभिमान्याला शोधीत येते.

हरोद झऱ्यापाशी बत्तीस हजार लोक जमले. परंतु एवढ्या सैन्याने जय मिळाल्यास तो आपल्याच बाहुबलाचा, असे लोक मानतील, म्हणून ईश्वराने संख्या घटविण्यास सांगितले. भ्यालेल्यांना घरी जाण्याची मुभा मिळताच बावीस हजार परतले. उरलेल्यांची पाणी पिण्यावरून पारख झाली आणि अवघे तीनशे राहिले.

रात्री गिदोन एका सेवकासह शत्रूच्या छावणीजवळ गेला. तेथील एक सैनिक आपले दुःस्वप्न सोबत्याला सांगत होता आणि सोबती त्यात गिदोनाची तलवार पाहत होता. शत्रूचे मन आधीच खचले आहे, हे सेनानीने ओळखले. त्याने तिनशांच्या तीन तुकड्या केल्या. प्रत्येकाच्या हाती रणशिंग, रिकामा घट आणि घटात झाकलेली मशाल. मधल्या प्रहरी पहारा बदलताच शिंगे वाजली, घट फुटले, तिन्ही बाजूंनी ज्वाळा दिसल्या. अंधारात गोंधळलेले शत्रू परस्परांवरच शस्त्रे चालवून पळत सुटले.

परंतु आम्हांला खरी शिकवण पुढे दिसते. लोकांनी त्याला वंशपरंपरेने राज्य करण्याची विनंती केली. राज्य ईश्वराचे, असे सांगून त्याने ते नाकारले. केवढा हा त्याग! मात्र त्याच वेळी त्याने लुटीतील कर्णभूषणे मागून घेतली. सतराशे शेकेल सोने जमले. त्याचे एफोद, म्हणजे पुरोहिताचे वस्त्र, घडवून त्याने स्वग्रामी स्थापिले. लोक देवाला विसरून त्याच्याच भजनी लागले आणि तेच त्याच्या घराण्याला पाश ठरले. देशाला चाळीस वर्षे शांतता लाभली खरी. पण त्याच्या पश्चात अबीमलेख या पुत्राने सत्तेसाठी आपल्या सत्तर भावांची हत्या केली. एकच धाकटा लपून वाचला.

सिंहासन नाकारणाऱ्यालाही विजयाच्या खुणेचा मोह सुटला नाही! कालिदासाच्या रघुवंशात कुबेराने वर्षविलेले सुवर्ण रघूने सारेच कौत्सापुढे ठेविले, आणि कौत्साने गुरुदक्षिणेपुरतेच घेतले. तेथे देणारा राखीत नाही, घेणारा अधिक घेत नाही. आज आपट्याचे सोने आपण जमवीत नाही, वाटतो. घरातील, संस्थेतील वा गावातील कर्त्या पुरुषाने आज सायंकाळी ते पान दुसऱ्याच्या हाती देताना यशाचे श्रेयही त्यासोबत द्यावे, एवढीच आमची विनवणी.