पुण्यश्लोक अहिल्यादेवी : मागे काय ठेवावे?

गणपती बसण्याच्या चार-पाच दिवस आधी आपल्या इंदुरात देवी अहिल्याबाईंची पालखी निघते. त्यांची पुण्यतिथी श्रावण वद्य चतुर्दशीची. इथल्या हिंदी पंचांगात हीच तिथी भाद्रपद कृष्ण चतुर्दशी म्हणून येते. त्यामुळे आपल्याकडे दरवर्षी आधी बाईंचे स्मरण आणि मग बाप्पांचे आगमन असा क्रम लागतो. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याच क्रमाने चार शब्द लिहावेत असे आम्हाला वाटले.

आपण गेल्यावर लोकांनी आपली आठवण काढावी, ही इच्छा कोणाला नसते? देवळातल्या पंख्याच्या पात्यावर, बागेतल्या बाकावर, सभागृहाच्या फरशीवर आपण नावे वाचतो ती याच इच्छेपोटी लिहिलेली असतात. आम्ही राज्य शासनाच्या नोकरीत, तेही बांधकामाच्या कामात असल्यामुळे कोनशिला पुष्कळ पाहिल्या. त्यात हसण्यासारखे काही नाही. ज्याने पदरचे पैसे दिले त्याने नाव लिहिले तर बिघडले कुठे? पण ज्या बाईंचे नाव माळव्यात सव्वादोनशे वर्षांनंतरही घरोघरी घेतले जाते, त्यांनी स्वतः मात्र नाव राहावे म्हणून काय केले, हे पाहू गेल्यास वेगळेच काही हाती लागते.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ सालचा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातील चौंडी गावचा. वडील माणकोजी शिंदे हे गावचे पाटील. माळव्यात मराठ्यांचा अंमल बसवणाऱ्या मल्हारराव होळकरांनी या मुलीला पाहिले आणि आपल्या खंडेरावासाठी सून म्हणून पसंत केले. १७३३ साली लग्न झाले तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. सासूबाई गौतमाबाई आणि मामंजी या दोघांनी त्यांना घडवले. मल्हारराव मोहिमेवर असले की घरचा कारभार, वसुलाचा हिशेब, तोफखान्याची आणि दारूगोळ्याची व्यवस्था अशी कामे पत्राने सुनेला सांगत. त्या काळी सुनेला अशी पत्रे लिहिणारा सरदार विरळाच म्हणायचा.

पुढचे त्यांचे आयुष्य मात्र एकेक माणूस जाण्याचे आहे. १७५४ मध्ये जाटांच्या कुंभेरी किल्ल्याला वेढा पडला असताना खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना विनवून मागे फिरवले. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशा भावनेने त्यांनी सुनेच्या हाती कारभार दिला. १७६१ मध्ये पानिपत झाले. १७६६ च्या मे महिन्यात आलमपूरच्या मुक्कामी खुद्द मल्हारराव वारले. गादीवर नातू मालेराव बसले, तेही वर्षभरात, १७६७ साली गेले. नवरा, सासरा आणि एकुलता एक मुलगा, सगळे तेरा वर्षांत. वयाची बेचाळिशी आणि समोर होळकरांची दौलत.

दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा बेत असा की, एखादा मुलगा दत्तक घ्यावा, कारभार आपण पाहावा आणि बाईंनी नेमणूक घेऊन स्वस्थ बसावे. राघोबादादांना त्यांनी फौजेसह बोलावूनही घेतले. अहिल्याबाईंनी रडारड केली नाही. शेजारच्या सरदारांना पत्रे गेली, फौज सज्ज झाली, पुण्यास माधवराव पेशव्यांकडे दाद मागितली गेली. बाईशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही, अशा आशयाचा निरोप त्यांनी दादांना धाडल्याची हकीकत माळव्यात अजून सांगतात. दादा समाचाराला आल्याचे सांगून परतले. पेशव्यांनी बाईंचा हक्क मान्य केला. त्यांनी फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे दिली, मुलकी कारभार आपल्याकडे ठेवला आणि नर्मदेकाठी महेश्वरला राजधानी केली. तिथून पुढे अठ्ठावीस वर्षे त्यांनी राज्य केले.

या अठ्ठावीस वर्षांत त्यांनी केलेल्या बांधकामांची यादी सर्वांना पाठ आहे. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर १७८० चे. सोमनाथला भग्न देवळाशेजारी १७८३ मध्ये नवे मंदिर उभे केले आणि शिवलिंग तळघरात ठेवले, म्हणजे पुन्हा घाला आलाच तर देव सुरक्षित राहावा. गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, काशीचे घाट आणि द्वारकेपासून रामेश्वरापर्यंत कुठे धर्मशाळा, कुठे विहीर, कुठे अन्नछत्र. त्यातली बहुतेक ठिकाणे त्यांच्या राज्याबाहेर होती. तिथून एक पैसा वसूल यायचा नव्हता की फौजेत एक माणूस भरती व्हायचा नव्हता.

आमच्यासारख्या बांधकामातल्या माणसाला कौतुक वाटते ते मात्र यादीच्या पलीकडच्या एका गोष्टीचे. नवे काम उभे करणे त्या मानाने सोपे असते. एखाद्या गावात नळयोजना होते, फीत कापली जाते, फोटो निघतात. पाच वर्षांनी पंप जळतो तेव्हा दुरुस्तीचा पैसा कोणत्या मदातून द्यायचा, हे कोणालाच ठाऊक नसते. बाईंनी देऊळ बांधले की सोबत पुजाऱ्याचे वर्षासन, नंदादीपाचे तेल, नैवेद्य, सदावर्ताचे धान्य यांची तरतूद लावून दिली. कुठे जमीन, कुठे गावचे उत्पन्न नेमून दिले. गंगेचे पाणी कावडीने दूरदूरच्या देवस्थानांना दरवर्षी पोहोचेल अशी व्यवस्था केली. दगड एकदाच बसवायचा असतो, तेल मात्र रोज घालावे लागते, हे त्यांच्या हिशेबात पक्के होते.

हा पैसा आला कुठून, हेही समजून घेण्यासारखे आहे. होळकरांकडे दौलतीचा खजिना वेगळा आणि खासगी वेगळी. खासगीची जहागीर १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या नावे दिलेली होती. ती सासूकडून सुनेकडे आली. दानधर्माचा खर्च बाईंनी या खासगीतून केला. राज्याचा पैसा राज्याला आणि धर्माचा खर्च आपल्या पदरातून, ही रेघ त्यांनी सांभाळली. फौजेच्या खर्चावरून तुकोजींशी त्यांचे खटके उडत, पण हिशेब त्यांनी सोडला नाही. आज सरकारी गाडीतून भाजी आणणाऱ्यांच्या काळात ही गोष्ट मुद्दाम आठवावी अशी आहे.

त्यांचे राज्य देवळांपुरतेच होते असे मात्र नाही. दररोज त्या दरबारात बसत आणि रयतेची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. त्यांच्यावर आधी सक्ती केली, मग भिलकवडी नावाचा त्यांचा जुना हक्क मान्य करून त्यांच्याच गळ्यात वाटेच्या राखणीची जबाबदारी घातली. बाहेरून विणकर आणून महेश्वरात वसवले; त्यांच्या मागांवरची महेश्वरी साडी आज आपल्या घरातल्या लग्नांत असते. उन्हाळ्यात नांगराचे बैल थांबवून त्यांना पाणी पाजायला माणसे ठेवली होती. पाखरांना शेतातून हुसकावतात म्हणून उभी शेते विकत घेऊन त्यांच्यासाठी सोडली होती.

या शेवटच्या गोष्टी आपल्याला कळल्या त्या सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्यामुळे. १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांच्या फौजेविरुद्ध लढलेला हा सेनापती. पुढे माळव्याचा कारभार पाहताना त्याने गावोगावच्या जुन्या माणसांना बाईंविषयी विचारले. त्यांना जाऊन तेव्हा वीसेक वर्षे झाली होती. स्तुती करून काही मिळावे असा तो काळ उरला नव्हता. तरीही जो तो त्यांच्याविषयी एकच बोले. १८२३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात माल्कमने ते लिहून ठेवले. जिंकलेल्या पक्षाच्या माणसाने हरलेल्या घराण्यातील स्त्रीची इतकी थोरवी गावी, याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

त्यानेच नोंदवलेल्या दोन हकीकती आमच्या विषयाशी अगदी जुळतात. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग आपण एक दुबळी, पापी बाई, एवढ्या स्तुतीला पात्र नाही, असे सांगून तो ग्रंथ नर्मदेत सोडायला लावला. ग्रंथकाराची पुढे दखलही घेतली नाही. त्या बिचाऱ्याचे नावही राहिले नाही आणि ग्रंथही नाही. राहिली ती ग्रंथ बुडवल्याची गोष्ट.

दुसरी हकीकत खरगोणची. दोन सावकार भाऊ निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवांनी सगळी संपत्ती बाईंच्या पायाशी आणून ठेवली. त्या काळच्या राजांना असे धन जप्त करायला कारण लागत नसे. बाईंनी ते घेतले नाही. गावाच्या उपयोगी पडेल आणि तुमचेही नाव होईल अशा कामात तो पैसा लावा, असा सल्ला दिला आणि त्याप्रमाणे नदीकाठी बांधकामे उभी राहिली. म्हणजे लोकांना आपली आठवण मागे ठेवावीशी वाटते, हे बाईंना समजत होते. त्या इच्छेला त्यांनी नावे ठेवली नाहीत, तिला वाट दाखवली. स्तुतीच्या कागदाला नदी दाखवली आणि पैशाला घाट.

आणि स्वतःच्या माणसांची आठवण? त्यांनी कुंभेरीजवळ खंडेरावांची छत्री बांधली, आलमपूरला मल्हाररावांची. जे जे गेले त्यांच्यासाठी त्या दगड रचत गेल्या. पण सर्वांत कठीण दिवस अजून यायचे होते. मुलगी मुक्ताबाई तेवढी उरली होती. तिचा मुलगा नथ्याबा १७९० मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. सदतीस वर्षांपूर्वी मल्हाररावांनी जी विनवणी सुनेला केली होती तीच आता सुनेने आपल्या मुलीला केली. मुलीने ऐकले नाही. अहिल्याबाई नर्मदेकाठी उभ्या राहून ते पाहत होत्या. दोघांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. नंतर तीन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत, अन्नाला शिवल्या नाहीत. मग उठल्या, गेलेल्यांचे स्मारक बांधायचे काम सुरू केले आणि कारभारावर बसल्या.

ज्या बाईच्या मागे नाव लावणारे कोणी उरले नव्हते, त्यांनी लोकांच्या आठवणीची किती आशा धरली असेल, हे आपण कसे सांगणार? त्यांच्या वागण्यावरून मात्र एवढे दिसते की, राज्य आपले नाही, शंकराचे आहे, अशी त्यांची समजूत होती. हुकूम निघत ते शंकराच्या नावाने. नाण्यावर शिवलिंग आणि बेलाचे पान. असे मानणाऱ्या माणसाला आपल्या नावापेक्षा आपण लावलेली व्यवस्था चालू राहण्याची काळजी अधिक असणार.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरात त्या गेल्या. वय सत्तर. त्यानंतर होळकरांच्या राज्यात लढाया, लुटालूट, इंग्रजांचा अंमल, सगळे झाले आणि शेवटी ते राज्यच विलीन झाले. पण खासगी टिकली. १९६२ साली तिचा ट्रस्ट झाला आणि देशभरातली देवळे, घाट, धर्मशाळा त्याच्याकडे गेल्या. मधल्या काळात यातल्या काही मालमत्तांवरून वाद झाले, प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. याचे वाईट वाटले तरी नवल वाटले नाही. कितीही चांगली तरतूद केली तरी ती चालवायला पुढच्या पिढीतली माणसे लागतात. बाईंनी तेल नेमून दिले. वात पुढे सारण्याचे काम आपल्यावर आहे.

आता इंदुरात त्यांच्या नावाचे विमानतळ आहे, विद्यापीठ आहे, राजवाड्यासमोर पुतळा आहे. त्यांच्या जन्माच्या जिल्ह्याला त्यांचे नाव मिळाले. हे सर्व योग्यच झाले. पण यातले काहीही त्यांनी मागितले नव्हते.

आपल्या समाजात, आपल्या मंडळातही, आई-वडिलांच्या नावे देणगी देणारी मंडळी आहेत आणि त्यांच्याच बळावर हा उत्सव चालतो. त्यांना आमची एक नम्र सूचना आहे. नाव जरूर लिहा. पण पाणपोई दिलीत तर तिच्या दुरुस्तीची वर्षाची रक्कमही बाजूला ठेवा. वाचनालयाला कपाट दिलेत तर दरसाल चार पुस्तके येतील असे पाहा. शिष्यवृत्ती लहान असली तरी चालेल, पण ती दहाव्या वर्षी बंद पडू नये. पाटीवरचा रंग ऊन-पावसाने उडतो. पाणपोईवर पाणी प्यायलेला माणूस पाटी वाचो न वाचो, त्याची तहान भागलेली असते. महेश्वरच्या घाटावर आज कपडे धुणाऱ्या, दिवे सोडणाऱ्या, नावेची वाट पाहणाऱ्या माणसांच्या पायाखाली बाईंच्याच पायऱ्या आहेत.

गणपती बाप्पा मोरया!