सर्पविद्येचे उपासक कर्नल फ्रँक वॉल

दिवेलागणीनंतर सापाचे नाव घेऊ नये, असा आमच्या मालवणकडील घरांतील जुना दंडक आहे. बोलावेच लागले तर लांबडे किंवा जनावर म्हणावयाचे. ज्याचे नाव उच्चारावयाचीही चोरी, त्याच्याकडे निरखून कोण पाहणार? म्हणून साप दिसला की काठी शोधावयाची, एवढेच सर्पज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वाट्यास आले. ज्या पुरुषाने काठीच्या जागी डोळ्यांचा उपयोग करावयास शिकविले, त्याचे चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

आमच्या कोकणात फुरसे फार. जांभ्या दगडाच्या सड्यावर, गवतात व पातेऱ्यात दबून बसणारा हा वीतभर ते हातभर लांबीचा विषारी साप कित्येक गवत कापणाऱ्यांच्या मृत्यूस कारण झाला आहे. त्या काळी मालवण, देवगड वगैरे तालुके रत्नागिरी जिल्ह्यात मोडत; सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. सरकारने साप मारणाऱ्यांस बक्षिसे लाविली, तेव्हा १८६२ च्या डिसेंबरात या जिल्ह्यात अवघ्या आठ दिवसांत १,१५,९२१ साप मारले गेल्याची नोंद आहे. व्हिडाल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८९० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलात फुरशाच्या या उपद्रवाची चर्चा केली. तथापि इतकी हत्या होऊनही फुरसे नाहीसे झाले नाही. शिवाय बक्षिसाच्या घाईत फुरशासारखा दिसणारा, पण माणसास अपाय न करणारा मांजऱ्या साप किती प्रसंगी बळी पडला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. मारणारे हात पुष्कळ होते. ओळखणारे डोळे थोडे होते.

ती उणीव भरून काढणारे फ्रँक वॉल यांचा जन्म सिंहलद्वीपातील नुवारा एलिया या थंड हवेच्या गावी १८६८ साली झाला. इंग्लंडात वैद्यकीचे शिक्षण पुरे करून १८९३ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ते हिंदुस्थानातील इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. लष्करी डॉक्टराची नोकरी म्हणजे आज येथे तर उद्या तेथे. सामान्य माणूस बदल्यांस कंटाळतो; वॉलसाहेबांस मात्र प्रत्येक बदली म्हणजे नवी पाठशाळा वाटे. फैजाबाद असो, आसामातील दिब्रुगड असो, मलबार किनाऱ्यावरील कण्णूर असो, रुग्णांची सेवा करून उरलेला वेळ ते तेथील सापांच्या अभ्यासास देत. १९२५ साली सेवेतून निवृत्त होईपर्यंत त्यांचा हा क्रम चालू होता.

मुंबईस १८८३ साली स्थापन झालेल्या वर उल्लेखिलेल्या सोसायटीच्या जर्नलात त्यांनी १९०५ पासून हिंदुस्थानातील सामान्य सापांवर सुबोध लेखमाला लिहिली. सापाची शास्त्रीय व देशी नावे, रंग, वसतिस्थान, स्वभाव, भक्ष्य, अंडी वा पिले आणि खवल्यांची गणती, अशा क्रमाने प्रत्येक सापाची हकीकत देऊन जोडीस रंगीत चित्रे दिलेली असत. विषारी सापांची ओळख सांगणारे त्यांचे पुस्तक इतके उपयुक्त ठरले की, १९२८ साली त्याची चौथी आवृत्ती निघाली. समुद्रसर्पांवरील त्यांचा ग्रंथ १९०९ साली बाहेर पडला, तर सिंहलद्वीपाच्या सापांवर १९२१ साली मोठा ग्रंथ लिहून ते जन्मभूमीच्या ऋणातून उतराई झाले.

त्यांच्या शिकवणीचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, रंगावर विसंबू नये. आमच्या नागाचेच पाहा. कोठे तो गव्हाळ, कोठे तपकिरी, कोठे काळाकुट्ट. आमच्याकडील फणीवर चष्म्यासारखी खूण, तर बंगाल्यातील नागाच्या फणीवर एकच कडे, आणि कित्येकांच्या फणीवर खूणच नसते. आंबोलीच्या रानातला चापडा पाहावा, तर एक हिरवा, दुसरा तपकिरी, तिसरा पिवळट किंवा नारिंगी. जात मात्र एकच. कात टाकण्यापूर्वी कोणताही साप निस्तेज दिसतो. आमच्या रापणीत सापडणाऱ्या कित्येक समुद्रसर्पांच्या पिलांवरील ठळक पट्टे वयाबरोबर पुसट होतात. मद्यार्कात ठेवलेल्या सापाचा रंग तर उडूनच जातो.

मग ओळखावयाचे कशावरून? खवल्यांवरून. शेपूट वल्ह्यासारखी चपटी असेल तर तो समुद्रसर्प. शेपूट गोल असून पोटावरील खवले पोटाची सगळी रुंदी व्यापीत नसतील तर साप बिनविषारी. ते सगळी रुंदी व्यापीत असतील आणि डोक्यावर बारीक खवले असतील तर फुरसे किंवा घोणस. डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये खळगी असेल तर चापडा. वरच्या ओठाचा तिसरा खवला डोळ्यास व नाकपुडीस दोहोंस भिडत असेल तर नाग किंवा पोवळा. पाठीच्या कण्यावर मोठ्या षट्कोनी खवल्यांची रांग असून खालच्या ओठाचा चौथा खवला सर्वांत मोठा असेल तर मण्यार. पुढे हीच पद्धत प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आली व महाविद्यालयांतील विद्यार्थी ती शिकू लागले.

येथे आमचीच एक चूक सांगणे आम्हांस प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या पडवीत काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. मण्यार असे ओरडून आम्ही त्यास ठेचला व शेजाऱ्यांची शाबासकी मिळविली. दुसऱ्या दिवशी वॉलसाहेबांची रीत आठवून भिंगाने पाहिले, तो पाठीवर मोठ्या खवल्यांची रांग नाही, पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट. मण्यारीत याच्या उलट असते. तो बापडा कवड्या होता. पाली खाऊन राहणारा. शाबासकी परत करता येते, प्राण परत देता येत नाही. पण उलट बाजूही ध्यानात धरावी. मण्यारीस कवड्या समजून हात लावणाऱ्याची चूक सुधारण्यास कदाचित अवकाशच मिळावयाचा नाही.

वॉलसाहेबांच्या पद्धतीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ओठाचे खवले मोजावयाचे तर साप मेलेला हवा, आणि त्यांनी अभ्यासासाठी पुष्कळ साप मारून ठेविले. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता. आज आहे. दूर उभे राहून कॅमेऱ्याने जिवंत सापाचे चित्र घ्यावे, स्थळ, वेळ व रंग यांची नोंद करावी, आणि जाणकारास दाखवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापास संरक्षणही मिळाले आहे. दंश झाल्यास साप शोधीत बसू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषांवर चालणारी एकच लस आता मिळते, म्हणून रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. मुलांनी तर कोणत्याही सापास, मेलेल्या दिसणाऱ्यासही, हात लावू नये.

कर्नल वॉल १९५० साली इंग्लंडात वारले. त्यांनी कोठले राज्य जिंकले नाही, की सभा गाजविल्या नाहीत. ज्याच्याकडे सारे जग भीतीने पाठ फिरविते, त्याच्याकडे त्यांनी जन्मभर धीराने पाहिले व जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहून ठेविले. विद्यार्थ्यांनो, रंग पाहून निवाडा देण्याची घाई सापापुरतीच नसते. माणसांच्या बाबतीतही ती आपल्या हातून घडते. यापुढे अंगणात लांबडे दिसेल तेव्हा काठीकडे धावण्यापूर्वी चार पावले मागे सरा, आणि नीट पाहा. वॉलसाहेबांचे स्मरण करण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही.