एक जागा, दोन दावेदार : ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव



१५ जानेवारी म्हणजे आपल्याकडे वासी उत्तरायण. आदल्या दिवशी मांज्याने बोटे कापलेली असली तरी कामरेजच्या गच्च्या सकाळपासून पुन्हा भरतात. घरात तिळगूळ आणि उंधियू असतो, शाळेला सुट्टी असते. या गडबडीत एक गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणाऱ्या खाशाबा जाधवांचा हा जन्मदिवस. महाराष्ट्रात आता हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. आपण महाराष्ट्राबाहेर राहतो, पण गायकवाडी अमलापासून या भागात मराठी घरे आहेत आणि व्यायामाची आवड त्या घरांबरोबरच इकडे आली. म्हणून या अंकात खाशाबांची ओळख करून देत आहोत. त्यांची ओळख आताच का, हे पुढे येईलच.

खाशाबांचा जन्म १९२६ सालचा. गाव गोळेश्वर, सातारा जिल्ह्यात, कऱ्हाडच्या अगदी जवळ. वडील दादासाहेब हे स्वतः पैलवान. घरात पाच भाऊ, त्यांत खाशाबा सर्वांत धाकटे. वडिलांनी मुलाला अगदी लहानपणीच तांबड्या मातीत उतरवले. खाशाबांना पोहणे, धावणे, वजन उचलणे याही गोष्टी आवडत. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२च्या चळवळीत भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामातही हा शाळकरी मुलगा होता.

आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे अखाडा, दंगल, उस्ताद हे शब्द आमच्या कानावर आधी पडले आणि तालीम, हौदा, वस्ताद हे नंतर. शब्द कोणतेही असोत, मातीतल्या कुस्तीचा कायदा सगळीकडे एकच. ज्याची पाठ जमिनीला लागली तो हरला. चीतपट झालेला पैलवान शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही दिसतो. तिथे गुण मोजावे लागत नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे कुस्तीचे मैदान बांधले, ते असे की कोठूनही बसले तरी कुस्ती नीट दिसावी. निकाल सर्वांच्या डोळ्यांसमोर लागला पाहिजे, हाच त्यामागचा विचार असावा असे आम्हाला वाटते.

शाळा संपवून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. उंची जेमतेम साडेपाच फूट, अंगकाठी किरकोळ. कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीसाठी नाव द्यायला गेले, तेव्हा क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडे पाहून नाव लिहून घ्यायलाच नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले आणि खेळण्याची परवानगी मागितली. प्राचार्य होते बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. त्यांनी परवानगी दिली. खाशाबांनी आपल्याहून नावाजलेल्या मल्लांना हरवले. प्राचार्यांनी त्यांच्यासाठी वेगळे काही केले नव्हते. फक्त खेळू दिले होते.

याच काळात लखनौच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी बंगालचे निरंजन दास यांना हरवले. १९४८ साली लंडनच्या ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली आणि कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाला हातभार लावला. तिथे ५२ किलोच्या फ्लायवेट गटात ते उतरले. पण ऑलिम्पिकची कुस्ती मॅटवर असते. मातीत वाढलेल्या पायांना मॅटची सवय नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नियमही नवे होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्यांना तिथे मार्गदर्शन केले. खाशाबा सहावे आले. पदक नाही म्हणून रडत न बसता त्यांनी पुढची चार वर्षे मॅटवरची कुस्ती शिकण्यात घालवली. वजन वाढवून ते ५७ किलोच्या बँटमवेट गटात गेले.

आता येतो तो प्रसंग, ज्यासाठी आम्ही हे चरित्र निवडले.

१९५२ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे ऑलिम्पिक व्हायचे होते. प्रत्येक वजनगटात एका देशाचा एकच मल्ल पाठवता येतो. म्हणजे जागा एक. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक गुण कमी दिला गेला आणि हेलसिंकीची जागा त्यांच्या हातून गेली. पंचांनी मुद्दाम गुण कमी केला, अशी खाशाबांची तक्रार होती. मातीत ते हरले असते तर पाठीला लागलेली माती सगळ्यांना दिसली असती. मॅटवर मात्र निकाल पंचांच्या डोळ्यांवर आणि त्यांच्या कागदावर ठरतो. तिथे एका गुणाचा फरक कसा पडला हे प्रेक्षकाला सांगता येत नाही, आणि हरलेल्याचेही समाधान होत नाही.

अशा वेळी माणसे दोन गोष्टी करतात. काही जण मुकाट्याने घरी जातात आणि आयुष्यभर मनात अढी धरून राहतात. काही जण ओळखीच्या मोठ्या माणसाला गाठून जागा पदरात पाडून घेतात. खाशाबांनी यांतले काहीच केले नाही. त्यांनी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, पतियाळाचे महाराज यादवींद्रसिंह यांच्याकडे दाद मागितली. यातला बारकावा मुलांनी नीट समजून घ्यावा. ते संघटनेच्या प्रमुखाकडेच गेले, म्हणजे योग्य दारी गेले. आणि जागा त्यांनी आयती मागितली नाही, पुन्हा एकदा लढू देण्याची संधी मागितली. महाराज कुस्तीचे जाणकार होते. त्यांनी फेरचाचणी घडवून आणली. तीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला नमवले आणि हेलसिंकीचे तिकीट मिळवले.

पालकहो, आता आपल्या शाळेकडे येऊ. या वर्षी आपल्या फुटबॉल संघात लेफ्ट विंगची जागा एक आहे आणि मुले दोन आहेत. एकाचा वेग असा की चेंडू घेऊन सुटला की बचाव करणारा मागेच राहतो, पण गोलसमोर चेंडू टाकताना त्याची घाई होते. दुसरा तेवढा वेगवान नाही, पण त्याचा क्रॉस नेमका साथीदाराच्या पायाशी पडतो, आणि चेंडू हातचा गेला की तो मागे धावत येऊन बचावालाही मदत करतो. दोघांच्याही घरची मंडळी आम्हाला भेटून गेली. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. पण विंगवर धावणाऱ्या दोन मुलांत कोण सरस, हे मुख्याध्यापकांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून ठरत नाही. ते मैदानावरच ठरायला हवे.

म्हणून आम्ही व्यायामशिक्षकांच्या सल्ल्याने काही नियम केले आहेत. दोन्ही मुले दोन सराव सामने खेळतील, दोन्हींत प्रतिस्पर्धी संघ तोच असेल. एकात पहिला अर्धा वेळ एकाला आणि उरलेला दुसऱ्याला मिळेल, दुसऱ्या सामन्यात क्रम उलटा होईल. वेग, क्रॉस, पास आणि बचावातली मदत या चार गोष्टींना गुण असतील आणि ते आधी सांगितले जातील. गुण देणाऱ्यांत एक शिक्षक बाहेरच्या शाळेतले असतील. गुणांचा कागद त्याच दिवशी फलकावर लागेल. ज्याला अन्याय झाला असे वाटेल त्या मुलाने स्वतःच्या अक्षरात अर्ज लिहून एकदा फेरचाचणी मागावी, ती मिळेल. मात्र पालकांची किंवा विश्वस्तांची चिठ्ठी चालणार नाही. विश्वस्त मंडळाने याला संमती दिली याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. हा नियम यापुढे वक्तृत्व, नाटक आणि कवायत पथक यांच्या निवडीलाही लागू राहील.

पुन्हा खाशाबांकडे वळू. जागा मिळाली, पण हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. सरकारी मदत तुटपुंजी होती. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. तरीही रक्कम पुरेना. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर बँकेकडे गहाण ठेवून ७००० रुपये उभे केले. १९५२ सालचे ७००० रुपये ही लहान रक्कम नव्हती. आम्हीही शाळेचेच काम करतो, त्यामुळे ही हकीकत वाचताना आम्ही दर वेळी थांबतो. विद्यार्थ्यासाठी प्रमाणपत्र देणे, शिफारसपत्र लिहिणे, टाळ्या वाजवणे सोपे आहे. हरला तर पैसे परत येण्याची खात्री नाही हे ठाऊक असताना स्वतःचे घर पणाला लावणे सोपे नाही. खर्डेकरांचा विश्वास आंधळा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी या मुलाला वर्षानुवर्षे खेळताना पाहिले होते.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. पुढे त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पडली. पंधरा मिनिटे चाललेली ही कुस्ती खाशाबा अगदी थोडक्यात हरले. इशी यांनीच पुढे सुवर्णपदक जिंकले. या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्ह यांच्याशी लढायला बोलावले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता, पण तो सांगून भांडायला भारताचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. मम्मदबेयोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२. त्यांच्याबरोबर गेलेले केशव माणगावे हेही चांगले लढले, पण त्यांचे पदक हुकले. दुसऱ्याच दिवशी भारताच्या हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले आणि खाशाबांचे कांस्य त्या आनंदात थोडे झाकले गेले.

गावाने मात्र ते झाकू दिले नाही. कऱ्हाड स्टेशनवर शंभराहून जास्त बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंतच्या थोड्याशा वाटेला मिरवणुकीने कित्येक तास घेतले. सत्कार आटोपल्यावर खाशाबांनी काय केले, तर कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले, आणि आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले. पदक गळ्यात पडल्यावर आधी ऋण आठवणारा हा खेळाडू होता.

पुढचे आयुष्य सुखाचे गेले असे म्हणता येत नाही. १९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६चे मेलबर्न ऑलिम्पिक हुकले. खात्यात २७ वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. बढतीसाठी त्यांना फार वाट पाहावी लागली आणि निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. पद्म पुरस्कार त्यांना हयातीत कधीच मिळाला नाही. २०१० साली दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्यानंतर भारताला ऑलिम्पिकमधले पुढचे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले. अटलांटात लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्य जिंकले. मधे ४४ वर्षे गेली. मद्रासची ती यादी तशीच राहिली असती, तर स्वतंत्र भारताची पहिल्या वैयक्तिक पदकाची प्रतीक्षा १९९६ पर्यंत चालली असती.

विद्यार्थी मित्रांनो, एका गुणाने गेलेली जागा परत मागण्यात लाज नाही. मात्र मागायची ती संधी, आणि ती मिळाल्यावर मैदानावर उत्तर द्यायची तयारी हवी. फेरचाचणीतही हरलात तर जिंकलेल्याशी हात मिळवा आणि दुसऱ्या दिवशी सरावाला या. सामन्यात विंगवर एकच जण धावणार असला तरी सरावात त्याला दमवणारा दुसरा तितकाच चांगला असेल, तरच संघ तयार होतो.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाची बाजू मुलालाच मांडू द्या. आणि आम्हा शिक्षकांसाठीही खाशाबांच्या चरित्रात धडा आहे. कॉलेजातल्या त्या क्रीडाशिक्षकांनी अंगकाठी पाहून नाव लिहून घेतले नाही. प्राचार्यांनी खेळ पाहून मग ठरवले. आपल्या शाळेच्या मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे नाव आधी लिहून घेतले जाईल आणि निवड नंतर होईल, ही जबाबदारी आमची.

येत्या वासी उत्तरायणाला पतंग जरूर उडवा. त्या दिवशी घरातल्या लहानांना गोळेश्वरच्या या मल्लाची गोष्टही सांगा.

आपले,
मुख्याध्यापक