गोखले आणि गिरमिट

नामदार गोपाळ कृष्ण गोखले म्हटले की मवाळ राजकारण आणि अंदाजपत्रकावरील भाषणे एवढेच आपल्या पाठ्यपुस्तकांना आठवते. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे जन्मलेला हा फर्ग्युसनचा प्राध्यापक वरिष्ठ कायदेमंडळात गिरमिटियांसाठी झुंजला, हे विस्मरणात गेले आहे.

करार पाच वर्षांचा. त्यावर निरक्षराचा अंगठा. आणि तो मोडल्यास दिवाणी दावा नव्हे, तर तुरुंग! ज्याच्या अटी एका पक्षाला उमगतच नाहीत त्यास करार म्हणावे काय, हा गोखल्यांचा मूळ आक्षेप. लातूरकडे उचल घेऊन ऊसतोडीस निघणाऱ्या टोळ्या पाहताना तो आजही शिळा वाटत नाही.

त्यांच्या १९१० च्या ठरावाने दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीची मजूरभरती १९११ पासून बंद झाली. संपूर्ण पद्धतच रद्द करण्याचा १९१२ चा ठराव मात्र सरकारी मतांपुढे पडला. त्याच वर्षी, प्रकृती ढासळलेली असताना, ते दक्षिण आफ्रिकेस गेले आणि मुदत संपलेल्या मजुरांवरील तीन पौंडांच्या वार्षिक कराविरुद्ध तेथील मंत्र्यांशी बोलले. तो कर १९१४ साली उठला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले निवर्तले. गिरमिटाची भरती थांबली १९१७ मध्ये. फिजीतील उरलेले करार रद्द होण्यास १९२० उजाडले.